शेवटच्या खोलीपर्यंत शेपूट

आई, त्या रविवारी बाबांची ड्युटी लागली म्हणून सिनेमाचं त्यांचं तिकीट तुझ्या वाट्याला आलं होतं. मी सातवीत. सिल्वासाच्या थेटरात हिंदीत केलेला डायनासोरचा सिनेमा लागला होता. तू निघतानाच कुरकुरत होतीस, "जनावरंच बघायची तर खानवेलच्या बसमधे बसू, जंगल तरी दिसेल." आणि आत गेल्यावर माझं मनगट असं काही आवळून धरलंस की घरी येईपर्यंत लाल होतं. रिक्षात बसल्याबसल्या विचारलंस, "हे खरंच व्हते का वं?" मी म्हटलं, हो, कोट्यवधी वर्षांपूर्वी. "मग गेले कुठं?" तिथून जी सुरुवात झाली ती महिनाभर तू मला सोडलं नाहीस.

सिनेमा मला दाखवायला नेला होता, पण वेड तुला लागलं. सायली गावातल्या कंपनीत दिवसभर उभ्याने बाटल्यांची झाकणं पॅक करून यायचीस, पाय सुजलेले असायचे, आणि कणीक मळता मळता विचारायचीस, खायचे काय, झोपायचे कुठं, लांब किती. मी चाळीस फूट म्हटलं तर तू पिठाच्या हातांनी बाहेर गेलीस आणि चाळीच्या ओट्यावर पावलं मोजत चालायला लागलीस. "अरे बापरे, शेवटच्या खोलीपर्यंत शेपूट!" त्या खोलीतली भाभी घाबरून बाहेर आली, तर तिला तुझ्या मोडक्या हिंदीत सगळं समजावलंस. चाळ हसत होती, तूही हसत होतीस. समोरच माझ्या वर्गातली मुलगी राहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो मेथीचा दिवस. तू मेथी निवडत बसली आहेस, मी पुस्तकात डोकं घातलंय. तू हळूच विचारतेस, "अंडे घातल्यावर त्याची माय तिथंच थांबायची का वं, का निघून जायची?" मी मान वर न करता म्हणते, "राहू दे आई, तुला नाही कळणार." तू "बरं" म्हणालीस आणि मेथी निवडत राहिलीस. त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते. फक्त एकदा, कंपनीतल्या गुजराती बेनने तिच्या गावाकडे, बालासिनोरला, दगड झालेली अंडी सापडतात असं सांगितलं, तेव्हा म्हणालीस, "जाऊन येऊ ना एकदा." माझी दहावी होती. मग कॉलेज, मग तुझं दुखणं. राहिलंच ते.

तू जाऊन पंधरा वर्षं झाली. या हिवाळ्यात लेकीला घेऊन बालासिनोरला गेले. तिलाही सिनेमा बघूनच नाद लागलाय. उघडं माळरान आहे, खडकात गोल गोल कडी दिसतात, तीच अंडी. मी हात लावला, दगड उन्हाने तापला होता. तुझा प्रश्न मी तिथल्या गाइडला जसाच्या तसा विचारला. तो म्हणाला, "लगता तो यही है मॅडम, मिट्टी से ढककर चली जाती थी." मी खालीच बसले. मी चार वर्षांची असताना मला अमळनेरला मामाकडे ठेवून तू कामासाठी सिल्वासाला आलीस, दोन वर्षांनी न्यायला आलीस, तेव्हा मी दोन दिवस तुलाच मामी म्हणत होते. मामा ही गंमत प्रत्येक लग्नात सांगायचा आणि तू सगळ्यांबरोबर हसायचीस. मेथी निवडताना तू नेमकं काय विचारत होतीस ते मला त्या माळरानावर कळलं. लेक विचारत होती, मम्मी, काय झालं? तिला म्हटलं, ऊन लागलं.

हा कागद तुझ्या कपाटात, कंपनीच्या गेटपासखाली ठेवणार आहे. एकच सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुला कळणार नाही असं मला वाटलंच नव्हतं गं. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते तुझ्यासमोर म्हणायला जड गेलं.