विजयाच्या घंटीचा अडॅप्टर

२ फेब्रुवारी २०१४, रायपूर
अखेर नागपूर सुटलं. निरंजनचा तेलीबांध्याचा फ्लॅट छान आहे. माझ्या खिडकीतून तलाव दिसतो. शाळेतल्या कवितांची जुनी पुस्तकं मांडली, दोन कविता चालीवर म्हटल्या. नात देवश्री "आबा, फिर से!" म्हणून नाचली. आज विजया हवी होती.

४ फेब्रुवारी
माझ्या रेडिओचा अडॅप्टर सापडेना. निरंजननं पेटीतून विजयाच्या घंटीचा काढून लावला. ती अंथरुणाला खिळली तेव्हा बटण तिच्या उशाशी असे, घंटी माझ्या खोलीत वाजे. रेडिओ लागला, अडॅप्टर मात्र भुणभुणायला लागला. निरंजन चमकला. "बाबा, हा जळला म्हणत होते न तुम्ही? हा तं चालून राहिला!"
जळला, म्हणूनच विजया गेली त्या दुपारी घंटी वाजली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय.

६ फेब्रुवारी
निरंजन इंजिनिअर; सोडतो थोडाच! दुसरं सॉकेट, दुसरी एक्स्टेन्शन, रेडिओ काढून नुसता अडॅप्टर. भुणभुण तीच. गोल बाजारातल्या कारागिरानं उघडला, आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या ढिल्या पट्ट्या कसून दिल्या. जळल्याचा एकही डाग नाही, म्हणाला.

७ फेब्रुवारी
कसूनही भुणभुणतो. सॉकेटमधून काढला. तरीही. देवश्रीनं हात लावला. "आबा, ये तो निकला हुआ है, फिर गरम काहे?"

९ फेब्रुवारी
जेवताना निरंजननं विचारलं, मग आईची घंटी वाजली काहून नाही? मी म्हटलं, जळलाच होता. भुणभुण खोलीतून ताटापर्यंत आली. वरणाची वाटी थरथरत होती. माझीच.

१० फेब्रुवारी, सकाळ
इथे तरी कबूल करतो. त्या दुपारी अडॅप्टर भुणभुणत होता, कवितेची चाल मोडत होती, म्हणून मी तो उपटला. परत लावायचं विसरलो. चार वाजता विजया पलंगाखाली पडलेली, गार — बटण मुठीत घट्ट.
लिहिलं. आता थांबेल.

१० फेब्रुवारी, दुपार
थांबत नाही. वाढतेय — पान हलतंय —
निरंजन दारात उभा. नुसता —
बरं. बरं, विजया. त्या दिवशी तो भुणभुणत नव्हताच. घंटी वाजत होती. एकदा नाही, सारखी — अन् मी म्हटलं, एवढं कडवं होऊ दे — अन् हात लांब करून —