राजवाड्यातून न आलेली मिरची

मी, कौसल्या तात्याराव हिवराळे, वय वर्षे सहासष्ट, राहणार मिलची चाळ, इंदूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण म्हातारी वेडी झाली असे माझ्याच मुलाने परवा चाळभर सांगितले. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. आणून पाहिले होते, ते पुढे येईल.

१. खोली मिलची आहे आणि मिलला चार वर्षे कुलूप आहे, तेव्हा ती देण्याचा मला अधिकार नाही. मुलगा रत्नपाल याने ताबा मात्र सोडू नये.

२. पोस्टातली शिल्लक आणि पितळी भांडी सून सुनीता हिला. पाटा-वरवंटाही तिलाच, पण त्यावर पोरांची चटणी वाटू नये. तो कितीही धुतला तरी तिखट जात नाही.

३. आता मिरची. अंगणात डालड्याच्या अकरा डब्यांत आहे. सुरकुतलेली, लाल. देठाला धरून डाळीत दोनदा फिरवायची आणि बाहेर काढायची. चावणारा तासभर कुणाशी बोलत नाही.

आमच्या मिलचे पूर्वीचे टाइमकीपर नानासाहेब यांचे आता सियागंजात मसाल्याचे दुकान आहे. ही मिरची आपल्या पणजोबांनी राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आणली, असे ते सांगतात. हे धादांत खोटे आहे. वीस वर्षे त्यांनी आमच्या मडक्यातले पाणी घेतले नाही. माझ्या नवऱ्याच्या डब्यातला ठेचा मात्र रोज मागून खाल्ला. पाणी बाटत होते, मिरची बाटत नव्हती! बी नेऊन राऊ गावातल्या मळ्यात उघड्या उन्हात लावले, सगळी रोपे करपली. हिला सावली लागते. पणजोबांनी एवढेही सांगितले नाही?

मग आमच्या दारी आले. मिरची मूळची त्यांच्या घराण्याची, असे मी लिहून द्यावे आणि बी द्यावे, म्हणजे रत्नपालला गोदामात नोकरी. त्याला म्हणाले, "भिया, आता खुला बाजार आहे. राजवाड्याचं नाम लावलं की पुडी दुगन्या भावात जाते. सच कोण विचारतंय?" रत्नपाल म्हणाला, "आई, एक साइनच तर आहे. किती दिवस बेकार बसू?" माझा मुलगा वाईट नाही. त्याचे हाल मला दिसतात. तरी मी सही केली नाही, आणि माझ्यामागे त्यानेही करू नये.

४. खरे ते लिहिते. माझे वडील श्रीराम इंगळे महूच्या पलटणीत स्वयंपाकी होते. सन चव्वेचाळीसच्या लढाईत नागा टेकड्यांत तापाने फणफणले. तिथल्या एका बाईने चार दिवस घरात ठेवून घेतले, भात आणि ही मिरची खाऊ घातली. निघताना त्यांनी तिच्या अंगणातल्या मिरच्या न विचारता पटक्यात बांधून आणल्या. मला हे हसत सांगितले. मी विचारले, "बाबा, नाव काय तिचं?" म्हणाले, "लढाईत नाव कोण विचारतं?" मीही हसले. त्या हसण्याचा आज मला नानासाहेबांपेक्षा जास्त संताप येतो.

५. अकरा डबे आणि सगळे बी नात मैत्री हिला. तिने मिरची खुशाल विकावी, बापालाही धंद्यात घ्यावे. पुडीवर राजवाडा नको, माझे नाव नको, माझ्या वडिलांचेही नको. एवढेच छापावे: "ही मिरची नागा टेकड्यांतल्या एका बाईची. तिचे नाव" आणि पुढे कोरी जागा. ती जागा कुणीही भरू नये. न विचारता आणणाऱ्याच्या लेकीला त्या जागेवर हक्क नाही, मग नानासाहेबांना कुठून असणार?

सही: कौसल्या तात्याराव हिवराळे

आमच्यासमक्ष वाचून सही केली, साक्षीदार:
दिवाकर गवई, निवृत्त जॉबर
जनाबाई तायडे, शेजारीण

इंदूर, दिनांक ३ डिसेंबर १९९५