ह्यांच्या मागून

३ नोव्हें., सोम.
डोकं सणकलंय. मनीष पुण्याहून ठरवूनच आला. बाबांना दाखवायचंच आहे, तर आईचाही तोल तपासून घेऊ, म्हणे. मी काय सर्व्हिसिंगला टाकायची गाडी आहे?
फिजिओथेरपीवाली पोरगी तपासायला. हात न टेकता खुर्चीतून उठा, त्या पट्टीपर्यंत चाला, वळा, परत या. आधी हे. पार्किन्सनमुळे पाय घासत, वळताना अडखळत. मग मी. निकाल: दोघांचीही चाल मंद, पडण्याची भीती.
म. म्हणतो, "म्हणूनच म्हणून राहिलो ना. घराले कुलूप लावू, दोघंही पुण्याले चला." आणि माझा शिवणक्लास?

४, मंगळ.
सकाळी दुधाला एकटी गेले. शेजारची शीला ओरडली, "कुठं पळून राहिली वं?"
थांबलेच. खरंच पळत होते. मग काल काय झालं?
लग्नापासून ह्यांच्या मागे चालते. सासूबाईंची शिकवण. तेव्हा हे तरातरा पुढे, मी निऱ्या सावरत मागे धावायची. एकदा वळून पाहिलं नाही. आता हे हळू, म्हणून मीही हळू. काल एकटीला चालवलं, तरी पाय ह्यांच्याच बेताने पडले. संताप झाला. ह्यांचा, आणि माझाही.

७, शुक्र.
म. ला सांगितलं. हसला. हे म्हणाले, "काहून उगाच? जाऊ पुण्याले." ह्यांना टीव्ही असला की झालं. मी हट्टच धरला, परत तपासा.

१०, सोम.
फिजिओवाल्या पोरीला म्हटलं, मी कायम कोणाच्या तरी मागे चालते गं. ती हसली नाही. ह्यांना बाहेर बसवलं. "आता तुमच्या मनाने चाला, आजी."
चालले. मंदबिंद काही निघालं नाही.
गाडीत म. खूश. "तू तर ठणठणीत आहे. मग बाबाले तूच पाहून घेशील. मी उद्या निघतो."
नापास झाले तर घर जातं, पास झाले तर हे एकटीच्या गळ्यात. मला काय पाहिजे, हे कोणी विचारलं?

११, मंगळ.
म. गेला. संध्याकाळी ह्यांना तळ्यावर नेलं आणि मुद्दाम पुढे निघाले. माझ्या वेगाने. फार बरं वाटलं.
मागून हाक. "सुमन, थांब ना वं."
कठडा धरून उभे होते. ही हाक मी ह्यांना इतक्या वर्षांत कधीच मारली नाही. मारायला हवी होती.
थांबले. परत मात्र गेले नाही. म्हटलं, या.
आले हळूहळू. घरी आलो. उद्या पुढे कोण चालणार, ते काही बोललो नाही.