शंभर शब्दांत कारण लिहा

३ जून, सकाळी ९.४०
आजपासून कॉलेजचे प्रवेश सुरू. नवी डायरी, नवं पेन, नवा निर्धार : यंदा कुणावरही आवाज चढवणार नाही. प्रवेश-सल्लागार म्हणून हे माझं एकोणिसावं वर्ष. पोरगं खुर्चीत कसं बसतं यावरून मी त्याचा विषय सांगतो.

३ जून, दुपारी १२.१५
आवाज चढला. माझा इलाज नव्हता. एकाला विचारलं, भूगोलच का? म्हणाला, त्या वर्गात एसी आहे. दुसरीला मानसशास्त्र हवं, कारण तिला म्हणे माणसं लगेच कळतात. मला किती राग आलाय ते मात्र तिला कळलं नाही. तिसऱ्याने माझ्यासमोर मित्राला फोन लावून विचारलं, 'अरे, आपण काय घेतोय?'

५ जून
सांख्यिकीच्या वीस जागा. गेल्या वर्षी मुलं सात. विभागाच्या बाई रोज माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारतात, कुणी आलं का? विषय माझाही तोच. यंदा वीसच्या वीस भरणार. त्यातली एक जागा आमच्या लेकीची. हे माझं फार जुनं स्वप्न. तिला अजून सांगितलेलं नाही, पण ती नुसती औपचारिकता.

५ जून, जेवणानंतर
सांगितलं. चाळीस मिनिटं, सोप्या भाषेत, ताटातल्या वस्तूंची उदाहरणं देऊन. मध्ये तिने एकदा तोंड उघडलं होतं, पण माझा मुद्दा अर्धवट राहिला असता. शेवटी म्हणाली, 'बघते.' म्हणजे पटलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, 'लोका सांगे ब्रह्मज्ञान!' पुढचं काही बोलली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तोंड भरून कौतुक करणं हिच्या स्वभावातच नाही.

८ जून
प्राचार्यांना योजना दिली. अर्जात नवा रकाना : 'हा विषय का निवडला? शंभर शब्दांत कारण लिहा.' सक्तीचा. उथळ पोरं आपोआप गळतील. शिवाय संगणकावर भरलेल्या अर्जाच्या छापील प्रतीवरची नावाची पट्टी कापून फक्त क्रमांक ठेवायचा. वशिला बंद! प्राचार्य म्हणाले, करा, पण वाचायचे तुम्हीच. केवढा हा विश्वास.

९ जून
फोनवर फोन. सर, कारण म्हणजे नक्की काय लिहायचं? एका आईने विचारलं, नव्वद शब्द चालतील का, मुलगा अशक्त आहे. नाकी नऊ आले. शेवटी मी स्वतः एक नमुना लिहून फलकावर लावला. 'लहानपणापासून मला आकड्यांची ओढ आहे. पाळण्यात असतानाच मी हाताची बोटं मोजली, असं घरचे सांगतात...' तीन मसुदे केले. हिला वाचून दाखवत होतो, तेवढ्यात ही गॅस बघायला गेली आणि परत आलीच नाही.

१३ जून
चमत्कार! सांख्यिकीला अकरा अर्ज. अकराही जणांना लहानपणापासून आकड्यांची ओढ. धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अकराही जणांनी पाळण्यात बोटं मोजली असतील याची शक्यता फार कमी आहे. शिकलेल्या माणसांना आनंद घेताच येत नाही.

१५ जून
इतिहासाच्या अर्जातही आकड्यांची ओढ. संगीताच्याही. एका महाभागाने वरचा 'नमुना' हा शब्दही उतरवलाय आणि खाली माझं पद. कपाळावर हात मारून घेतला. प्राचार्य म्हणाले, परत पाठवाल तर जागा रिकाम्या राहतील. मंजूर केले. काही झालं तरी मजकूर चांगलाच आहे.

जेवताना लेकीला विचारलं, फॉर्म भरलास? हो म्हणाली. कुठे, कशाला, ताकास तूर लागू देत नाही. 'अरे बाबा, कळेल तुला.' मी सांख्यिकीचं महत्त्व पुन्हा थोडक्यात सांगायला घेतलं. थोडक्याच्या अलीकडेच ती ताट घेऊन उठली.

१८ जून
अर्ज क्रमांक ३१२. उद्धटपणाची कमाल! सांख्यिकीच मागितलंय, पण कारण काय लिहिलंय : 'मला अजून नक्की माहीत नाही. या विषयाबद्दल घरी इतकं ऐकलंय, की तो मला आवडतो की नाही हेच कळेनासं झालं. पण गेल्या वर्षी महिनाभर मी आमची बस रोज किती उशिरा येते ते लिहून ठेवलं, त्याचा तक्ता केला, आणि मजा आली. घरी दाखवला नाही. दाखवला असता तर भाषण झालं असतं. हा विषय मला स्वतः शिकून बघायचाय.'

मोजले. साठही शब्द नाहीत. ओढ नाही, ध्येय नाही, वर घरच्यांना टोमणे. कसले आईबाप असतील, देव जाणे. लाल पेनाने शेरा मारला : 'अपूर्ण. गांभीर्याचा अभाव. पालकांशी बोलून यावे.' खाली शिक्का. आठवड्यात पहिल्यांदा मन शांत झालं.

२२ जून
वीसही जागा भरल्या! बाईंनी यादी पाहिली आणि खुर्चीत बसल्या. आनंद झाला की काहींना उभं राहवत नाही.

यादीत लेकीचं नाव नाही. म्हणजे भलताच विषय भरलाय. दोन दिवस ती खोलीचं दार लावून बसते. ही माझ्याशी बोलत नाही. ठरवलं, रागवायचं नाही. मोठ्या मनाने माफ करायचं. बापानेच समजून घ्यायचं नाही तर कुणी?

२४ जून, सकाळी ११.३०
टोकन ४१. मान वर न करता म्हणालो, बसा, काय अडचण आहे? समोर लेक. रांगेत दीड तास उभी होती. घरी 'अरे बाबा' म्हणणारी, इथे 'सर' म्हणाली. कागद पुढे सरकवला. क्रमांक ३१२. लाल अक्षर माझं. म्हणाली, 'सर, पालकांशी बोलून यावे असं लिहिलंय. म्हणून आले.'

मी कागद पुन्हा वाचला. मग विचारलं, तो बसचा तक्ता आहे का जवळ? तिने पिशवीतून काढला. महिन्याच्या सगळ्या तारखा, सुबक आखलेल्या. मी सवयीने चूक शोधली. सापडली नाही. फार सुंदर तक्ता होता. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम.

'पालकांशी चर्चा झाली' असं लिहिलं. खाली पालक म्हणून सही केली, शेजारी सल्लागार म्हणून. अर्ज मंजूर झाला, पण जागा संपलेल्या. प्रतीक्षायादीत नववी.

तिने विचारलं, यादी पुढे सरकते का सर? रोज सगळ्यांच्या आईवडिलांना देतो तेच उत्तर दिलं, काही सांगता येत नाही. ती 'थँक यू' म्हणून उठली. मी बेचाळिसावा नंबर पुकारला.