सहावा जोड

गोंदिया,
शनिवार, १८ नोव्हेंबर २००६

चि. दीप्ती,
सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. थंडीने आईचा गुडघा धरला आहे, पण तिने सकाळचे फिरणे सोडलेले नाही. तू पाठवलेला नवा तांदूळ तिला फार आवडला, सुनेचे कौतुक चालले आहे. मला तो किंचित चिकट वाटला. तुझे सहामाहीचे पेपर तपासून झाले असतील.

कालपासून चार वेळा फोन लावला, अतुल उचलत नाही. तुमच्या घरी दुसरा फोन नाही, म्हणून हे पत्र भोजराज कंडक्टरच्या हाती दुपारच्या कोहमारा गाडीने पाठवत आहे. मी स्वतः आलो असतो, परंतु आज महाविद्यालयात परीक्षेचे पर्यवेक्षण आहे.

तुला एकच काम सांगायचे आहे. उद्या सकाळी अतुल त्याची गाडी चालवत नागपूरला नेणार आहे. तेथून ती ट्रकवर चढून बंगळुरूच्या धावपट्टीवरील शर्यतीला जाईल. त्या गाडीची किल्ली आजच तुझ्या ताब्यात घे. त्याने कारण विचारले तर माझे नाव सांग.

कारण दिल्याशिवाय तू काही करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तेव्हा सांगतो.

या गाडीला टर्बो बसवला आहे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. दाबलेली हवा तापते, म्हणून ती आधी बंपरमागच्या इंटरकूलरमधून थंड करून घ्यावी लागते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत अ‍ॅल्युमिनियमचे पाइप जातात. पाइपाला पाइप सरळ जोडून चालत नाही, कारण इंजिन हलते; म्हणून दोन टोकांवर सिलिकॉनचा होज, म्हणजे रबरी नळी, चढवून तो क्लॅम्पने आवळतात. असे सहा जोड आहेत. चारशे हॉर्सपॉवर काढायची म्हणजे प्रत्येक जोडावर आतून सुमारे पन्नास किलोचा जोर येतो. धानाचे भरलेले पोते लटकवल्यासारखाच.

जोडांची निवड माझी होती. बाजारात मिळणारे पट्टीचे हलके क्लॅम्प मी नाकारले आणि नटबोल्टचे जाड क्लॅम्प मुंबईहून मागवले. होज चार पदरी घेतला. प्रत्येक क्लॅम्प किती आवळायचा, त्याचा तक्ता करून दिला. असे काम गोंदिया जिल्ह्यात कोणी केलेले नाही, हे मी आजही म्हणेन.

तुमच्या घराला लागून मुन्नालालचे वेल्डिंगचे दुकान आहे. पाइप त्यानेच बनवले. प्रत्येक टोकाला त्याने वेल्डिंगचे एक उंचवट्याचे कडे फिरवले होते. ओबडधोबड, एकीकडे जाड, एकीकडे बारीक. मी म्हणालो, हे घासून काढा.

"साहेब, कडं राहू द्या. राइस मिलच्या ब्लोअरचे पाइप मी बीस साल झाले बनवून राहिलो. कडं नसलं का रबर सरकते."

"मुन्नालाल, ही राइस मिल नाही."

"हवा तं हवाच आहे ना साहेब. तिले कोन सांगते का हे मिल आहे का मोटार?"

अतुल खो-खो हसला. धाकट्या भावाचे ते हसणे मला लागले. मी समोर उभा राहून सगळी टोके ग्राइंडरने गुळगुळीत करून घेतली. क्लॅम्पची पकड पुरेशी आहे, हे मी गणिताने सिद्ध केले होते. वहीची दोन पाने भरली होती.

ते गणित कोरड्या पाइपाचे होते.

टर्बोतून हवेबरोबर थोडे तेलही येते. ते पाइपाच्या आतून पसरते आणि तापले की होजखाली झिरपते. तेलकट झालेली पकड निम्म्यावर येते. हे पहिल्या वर्षाच्या मुलाने सांगावे, आणि मी तर त्यांना शिकवतो.

मागच्या रविवारची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. अतुल आणि मी देवरीच्या रस्त्याने चाचणी घेऊन परतलो, तेव्हा तू दारात उभी होतीस. "दादा, भेव तं नाही ना काही?" असे तू विचारलेस. "माझे गणित चुकत नाही," असे मी म्हणालो.

तुझ्या दारात येण्याआधी मी मुन्नालालच्या दुकानापाशी बॉनेट उघडले होते. प्रत्येक होजच्या कडेला लागून पाइपावर मी पांढरी रेघ मारून ठेवली होती. पाच जोड जागच्या जागी होते. सहावा, टर्बोला लागून असलेला, चार मिलिमीटर सरकला होता. चाळीस किलोमीटरमध्ये चार मिलिमीटर. तेवढ्यात मुन्नालाल चहा घेऊन येताना दिसला. मी होज मागे ढकलला, क्लॅम्प आवळला आणि रॉकेलच्या फडक्याने ती रेघ पुसून टाकली.

अतुल म्हणाला, "दादा, मधातच गाडी ढिली पडल्यासारखी वाटली. मुन्नालालले एकदा दाखवू का?"

मी म्हणालो, "दहावी नापास माणसांनी एकमेकांचा सल्ला घ्यावा, यात नवल नाही."

त्याने ग्लास खाली ठेवला. "बरं दादा. तू म्हनशीन तसं." त्या दिवसापासून तो फोन उचलत नाही. पण माझ्या तक्त्याबाहेर त्याने एक नटही हलवला नसेल, याची मला खात्री आहे. माझा राग आला तरी माझ्या कामावर त्याचा विश्वास आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

होज निखळला तर स्फोट होत नाही. हवा बाहेर जाते, काळा धूर निघतो आणि गाडीचा जोर जातो, एवढेच. रिकाम्या धावपट्टीवर एवढ्याने कोणी मरत नाही. परंतु नागपूर-देवरी रस्त्याला दोनच पदर आहेत, धानाच्या ट्रकांचे दिवस आहेत, आणि जोर सर्वांत जास्त लागतो तो ट्रकला ओलांडताना.

पर्यवेक्षणाचे मी खोटे लिहिले. आज मला सुट्टी आहे. अतुलसमोर उभे राहून हे बोलणे मला जमले नाही, म्हणून तुला लिहिले.

हे पत्र त्याला वाचू दे. मुन्नालालला सर्व टोकांना पुन्हा कडे घालायला सांग. मी सांगितले म्हणून सांग.

आईचे आशीर्वाद.

बुद्धभूषण

ता. क. बसस्थानकावरून लिहीत आहे. पत्र घेताना भोजराज म्हणाला, "कोनाले देऊ सर? घरी तं कुलूप आहे. अतुलभाऊ सकाळीच देवरीकडे निघून गेला, ताईले घेऊन. नवी गाडी ताईच्या माहेरी दाखवून आणतो म्हने, उद्या नागपूर हायेच."

मी याच बसने निघालो आहे. कोहमाऱ्याला उतरून मिळेल त्या वाहनाने देवरीच्या रस्त्याला लागेन. पत्र माझ्याच खिशात राहील. तू भेटलीस की तुझ्या हाती देईन. भेटशीलच, असा शब्द देण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

तुमचा अपराधी,
बुद्धभूषण