रेषेपर्यंतचं पाणी

११ एप्रिल, सोमवार
टँकर नाही. लिंगपूजा अर्ध्या तांब्यात उरकली. पहाटे लेक लीला बाळंत झाली. मुलगा. पण सातव्यातच. ओंजळीत मावेल एवढा. श्वास घेताना छाती आत ओढतो, कण्हतो. उदगीरच्याच सरकारी दवाखान्यात उबेच्या दिव्याखाली ठेवलाय.
जावईबापू अर्धापूरहून गाडी करून आले, सोबत विहीणबाई. म्हणाले, "मामी, नांदेडला मोठ्या मशीनवर नेऊ." डॉक्टरबाई म्हणाल्या, "रस्त्यात ह्याचा श्वास कोण सांभाळणार? आधी इथली मशीन लावून बघते. जमलं न्हाई तर मीच पाठवते."
गाडी दारात उभी. शिवा, तूच बघ.

१२, मंगळवार
मशीन बघितली आणि धीरच सुटला. नाकात दोन बारीक नळ्या, त्यातून हवा जाते. परतीची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. पाणी सारखं बुडबुडतंय. झालं, एवढंच.
विहीणबाई : "दुष्काळात पाणी कशाला उकळून राहिलेत?" वाघमारे सिस्टरनं त्यांचा हात धरून बाटलीला लावला. गार.
सिस्टर म्हणाली, ह्याचं फुप्फुस कोवळं हाय, श्वास सोडला की मिटतं. पाणी हवेला अडवतं म्हणून जरा फुगलेलं राहतं. नळी जेवढी खोल, तेवढा जोर. बाटलीवर रेष मारलीय. बुडबुडे थांबले की हाक मारा.
ज्याला हे सुचलं त्याला नमस्कार. इथं लोक पाण्यासाठी भांडून राहिलेत, आणि बाटलीभर पाणी लेकराला धरून बसलंय.
सांजेला कण्हणं कमी. गाडी परत पाठवली.

१४, गुरुवार
आज थोडक्यात निभावलं.
आमच्या लिंगायतांत आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या नावाचं इष्टलिंग आईच्या अंगावर बांधतात. ते राहूनच गेलं. विहीणबाईंना तेच खातंय. दवाखान्यात बाळाच्या तोंडात तीर्थाचा थेंब घालू देत नाहीत. मी लीलाला पेज द्यायला गेले, तेवढ्यात त्यांनी फुलपात्रभर तीर्थ बाटलीत ओतलं. भक्तीनंच. येऊन बघते तर बाळ हात झटकून राहिलेलं.
सिस्टरनं आधी बाळ पाहिलं, मग बाटली. पाणी रेषेच्या वर. झटकन नळी वर ओढली. बाळ निवळेपर्यंत नळी धरूनच होती. मग हळूच, "आज्जी, देवाचं असलं तरी जोर पाण्याचाच. छाती फाटली असती ह्याची."
विहीणबाई : "मंग ह्याला देवाचं काहीच द्यायचं न्हाई?"
"द्या की. आईला द्या. तिचंच दूध जातंय ह्याच्या पोटात."
लीलानं तीर्थ घेतलं. विहीणबाई कोपऱ्यात रडल्या. सिस्टरनं बाटलीतलं पाणी बदललं, कुणाकडं चहाडी केली नाही. एवढ्याशा पोरीला एवढी समज कुठून आली?

१७, रविवार
बाहेर बाकावर माणसं भांडून राहिली, उदगीर जिल्हा होणार का न्हाई. एक म्हातारा म्हणाला, "करा जिल्हा, पण नळाला पाणी सोडून करा." सगळे हसले. लई दिवसांनी मीही.
विहीणबाई आता बाटलीच्या राखणदार. शेजारच्या बाळाच्या मावशीला, "हात लावू नगं, रेष हाय तिथं." सिस्टर म्हणते, "ह्यांनाच ड्यूटी लावते."
बाळ गुलाबी दिसतं. की मलाच तसं वाटतंय…

१९, मंगळवार
आज नळ्या काढल्या. बाटली देगलूरकडच्या एका तान्ह्या मुलीला लागली, काल आली ती, आमच्याहून बारीक. तिच्या आईला सगळं समजावून सांगितलं, जेवढं मला कळलं तेवढं.
डॉक्टरबाई म्हणाल्या, आजची रात्र बघायची. छाती ओढायला लागला तर परत लावू, दुसरी बाटली तयार ठेवलीय.
लीला म्हणते, "आई, बुडबुडे न्हाईत तर कळायचं कसं?"
"छातीकडं बघ."
तिघी बघून राहिलो. वर येते, खाली जाते, मधेच जरा थांबते, परत येते. विहीणबाईंनी स्वतःचाच दम कोंडून धरलेला. म्हटलं, तुम्ही तरी सोडा हो.