हळद्याला आत सोडा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

बाबांना हॉटेलच्या दारातून परत पाठवलं! उपाशी! सत्तरी ओलांडलेला माणूस, रोजचं गिऱ्हाईक — आणि सरळ परत. का, तर बरोबर हळद्या होता. अरे, हळद्या काय आज पहिल्यांदा गेला? पावसाळ्यापासून रोज जातोय. कोपऱ्यातल्या टेबलाखाली पडून असतो. भुंकणं तर सोडाच, शेपूटसुद्धा मोठ्यानं आपटत नाही.

ऑफिसातून आले तर बाबा सोफ्यावर बसलेले, पायात चपला तशाच, हातात पट्टा. "भिकनशेठनं पाटी लावली," एवढंच बोलले. मी गरम वरणभात वाढला. दोन घास चिवडले आणि ताट सरकवलं. "भूक नाही गं योगिनी."

आई मे महिन्यात गेली. तेव्हापासून घरात त्यांचं जेवण कमी होत गेलं, जुलैनंतर जवळजवळ बंदच. हॉटेलात तेवढं जेवायचे. आता तेही गेलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ऑफिसला दांडी. भिकनशेठला भेटले. पाटी बघितली — "कुत्रे आत आणू नयेत". लाल अक्षरात, देवाच्या फोटोशेजारी!

"ताई, बाबा मला बापाच्या जागी हायेत," तो म्हणाला. "पण दोन लेडीज आल्या होत्या, त्यांनी मोबाईलात शूटिंग केलं. टेबलाखाली कुत्रं! दिलं ग्रुपवर टाकून. आख्ख्या इंदिरानगरनं पाहिलं. मी काय करू?"

मी हात जोडले. खरंच जोडले, गल्ल्यासमोर उभी राहून. लोक शेवभाजी खात माझ्याकडे बघत होते. तो म्हणाला, बाहेर बांधा ना खांबाला. घरी येऊन बाबांना सांगितलं. "तो बाहेर आणि मी आत? नको," म्हणाले. विषय संपला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पार्सल आणलं. तेच हॉटेल, तीच शेवभाजी, तीच भाकरी. नाही खाल्लं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

शेखरचा पुण्याहून फोन. आमचे बंधुराज! "अगं, कुत्र्यापायी एवढं काय? दे कुणाला तरी. आणि बाबांना ॲडमिट कर, सलाईन लाव." जणू काही फ्रीज दुरुस्तीला टाकायचाय. मी म्हटलं, तू ये आणि एक घास भरवून दाखव. "बघतो" म्हणाला. याचं बघणं मला माहीत आहे.

आज बाबांनी अर्धा कप दूध घेतलं. तेही मी रडायला लागले म्हणून.

रविवार, ९ नोव्हेंबर

दिवसभर रिक्षा करून हिंडलो — मी, बाबा, हळद्या. सातपूरला एक खानावळ. मावशी भल्या होत्या, पण कारखान्याची शिफ्ट सुटलेली, बाकावर बसायला जागा नाही. एकजण म्हणाला, "कुत्र्याला घेऊन जेवायला आलेत का?" सगळे हसले. बाबा मागच्या मागे फिरले.

मग शहराबाहेर मिसळीच्या ठिकाणी गेलो. झाडं, बसायला बाजा, झोपाळे. वाटलं, इथे तरी उघड्यावर चालेल. गेटवरच अडवलं, "प्राणी अलाउड नाहीत." आणि आत काय? मुलांना बघायला ससे! बदकं! एक घोडासुद्धा होता, फोटोसाठी! मी त्या माणसावर एवढी ओरडले की बाबांनी माझा दंड धरला. त्यांच्या हाताला जोर राहिलेला नाही. दुपट्टा अंगावर पडावा तसा तो हात पडला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाबांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. "मनाचं आहे हे, पण शरीर मनासाठी थांबत नाही," म्हणाले. मी परत येताना जिन्यात बसून राहिले. मला भीती वाटते. फार भीती वाटते. बाबा जातील आणि मी नुसती ताटं वाढत राहीन.

संध्याकाळी हळद्यालाही दाखवून आणलं. त्याचा रिपोर्ट जुलैपेक्षा वाईट! किडनीचं औषध चालू, त्याचं वेगळं खाणं चालू, तरी वाईट. त्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरचं काही देता का? मीठ, मसाला, कांदा?" मी म्हटलं, छे! एक दाणा नाही. जुलैपासून आम्ही जेवायला बसलो की मी त्याला गॅलरीत बंद करते. "गुड," म्हणाले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कॉलेज रोडला एक कॅफे सापडला, कुत्र्यांना चालतं म्हणे. चालतं कसलं, मानपान आहे! दारात पाण्याचं भांडं, भिंतीवर कुत्र्यांचे फोटो, त्यांचं वेगळं मेन्यूकार्ड. मला इतका आनंद झाला! हळद्याला मिठाशिवायचा उकडलेला भात आला, वाडग्यात. बाबांसाठी थालीपीठ मागवलं.

थालीपीठ आलं. बाबांनी तुकडा मोडला. मी बघत होते. तो तुकडा तोंडाकडे गेलाच नाही, टेबलाखाली गेला. तेवढ्यात ती कॅफेतली मुलगी धावत आली. "अंकल, प्लीज! प्लेटमधलं नाही द्यायचं. आमची पॉलिसी आहे."

बाबांनी तुकडा ताटात ठेवला. हात पुसले. संपलं जेवण.

रस्त्यावर येऊन मी फुटले. काय वाट्टेल ते बोलले. बाबा ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, "पहिला घास त्याचा असतो गं. आपल्या ताटातला. खंडोबा आहे आपल्या घरात, कुत्रं त्याचं. माझ्या वडिलांनी कधी चुकवलं नाही, मी चुकवलं नाही."

"म्हणजे भिकनशेठकडेही? रोज?"

"रोज."

शेवभाजीत बुडवलेली भाकरी! रोज! मी ज्याला आत सोडा म्हणून गावभर हात जोडत फिरले, त्याला तिथे हे मिळत होतं!

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळपासून वाद. मी म्हटलं, आधी त्याला त्याचं खाणं द्या, मग तुम्ही जेवा. झालं की!

"वाडग्यातलं वेगळं दिलं तर ते नुसतं खायला घालणं झालं. ताटातला घास म्हणजे वाटा."

मग घरी का जेवत नव्हता? तर म्हणे, "तू त्याला गॅलरीत कोंडतेस. तो काचेला नाक लावून बसणार आणि मी इकडे जेवणार?" मी विचारलं, एवढे महिने बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तुझं काही चुकत नव्हतं ना. त्याच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं. पण एका घासानं काय होतंय?" नवा रिपोर्ट मी त्यांना सांगितलेला नाही; खचतील.

आणि मी समजत होते, आईच्या दुःखानं जेवत नाहीत. आता काय करू? एकानं खाल्लं नाही तर मरेल, दुसऱ्यानं खाल्लं तर मरेल. आणि ताट एकच! कुणाला विचारू हे? शेखरला? हसेल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज चहासुद्धा नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

भिकनशेठचा फोन! "ताई, बाबांना चार वाजता घेऊन या. तेव्हा कुणी नसतं. कुत्र्यालाबी आणा. मघाशी त्यांना गेटापाशी पाहिलं, माझ्यानं बघवलं नाय. पाटी काढली."

काढली! दोन आठवड्यांपूर्वी मी याच्या पाया पडले असते. आज फोन ठेवून भिंतीला टेकून हसत सुटले. मग रडत सुटले. बाबांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

लपलं नाही. हॉटेलातला वेटर दिनेश — सुरगाण्याचा, बाबांना फार मानतो — गेटावर भाजी घेताना बाबांना भेटला आणि बोलून गेला, "बाबा, आता या की! पाटी नाय आता." मी बाथरूममधून बाहेर येते तो बाबा दारात, हळद्याला पट्टा लावलेला. दोघांचेही डोळे चमकत होते. किती दिवसांनी!

मी दारात आडवी उभी राहिले. रिपोर्ट काढला, वाचून दाखवला. "बाबा, तुमच्या त्या घासानंच तो मरतोय." बोलून गेले. दुसरं काय करणार होते?

बाबा खाली बसले, फरशीवरच. पट्टा काढायला लागले. हुक निघेना. मी मदतीला वाकले तर मानेनंच नको म्हणाले. हळद्या त्यांचा हात चाटत होता.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दोघंही पडून आहेत. गुरुवारी ॲडमिट करायचं ठरलं. दवाखान्यात खोली सांगून ठेवली. शेखर येतो म्हणाला. खरंच येतोय, म्हणजे तोही घाबरलाय. मी बाबांची पिशवी भरली — टॉवेल, बनियन, चष्मा. आईला डायलिसिसला नेताना भरायचे, तीच पिशवी. देवा, नको रे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

चंपाषष्ठी. मी काहीच करणार नव्हते. कुणासाठी करायचं? पण सकाळी बाबा भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारात आले. "भरीत-रोडगा कर. देवाचा नैवेद्य नेहमीसारखा काढ. माझ्या ताटातलं वेगळं कर. मीठ नको, कांदा नको, लसूण नको. तिखटसुद्धा नको."

"बाबा, ते खाववणार नाही तुम्हाला!"

"कर तू."

मी गॅसवर वांगं भाजलं, सोललं, नुसतं कुस्करलं. बाजरीचा रोडगा थापला, चिमूटभरही मीठ न घालता. बाबांनी बसूनच तळी उचलली. येळकोट म्हणताना आवाज फाटला. मग गॅलरीचं दार उघडायला लावलं. हळद्या येऊन त्यांच्या मांडीला टेकला. बाबांनी ताटातला घास त्याच्यापुढे धरला. त्यानं हुंगला. खाल्ला! आणि बाबांनी दुसरा घास स्वतःच्या तोंडात घातला. चावला. गिळला. तिसरा घेतला. अर्धा रोडगा संपवला बाबांनी! मी ओट्यापाशी तोंडात पदर कोंबून उभी होते, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.

शेखरला फोन केला, दवाखान्यालाही खोली नको म्हणून सांगितलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आजही अळणीच जेवले. मऊ भात, दुधी. मी सहज विचारलं, "कसं जातं हो घशाखाली?"

बाबांनी हळद्यापुढे घास धरला. मग म्हणाले, "तुझ्या आईला डायलिसिसच्या काळात अळणी जातच होतं की. मी समोर बसून लोणच्याच्या फोडी चोखायचो. माझंही तिच्यासारखंच वाढा, असं एकदासुद्धा सुचलं नाही मला."